गुरुवारचा शटडाऊन

करंट नव्हता लागला मला.
हे दरेकाला पहिल्यापासून सांगावं लागतं.
धायरीत, परमिट घेतलेलं, लाइन मेलेली,
अर्थिंग मी स्वतःच्या हातानं टाकलेलं.
खांबाच्या डोक्यावर आग्या मोहोळ होतं,
ते कुठल्या कागदावर नव्हतं.
एवढंच.

बावीस फूट.
खाली पेव्हर ब्लॉक, निवडणुकीआधी बसवलेले,
अजून पांढरी पावडर होती त्यांच्या फटीत.

आता कण्याशी एक पट्टी आहे,
करंगळीएवढी, तिच्यावर सोळा ठिपके.
बॅटरी पोटाच्या कातडीखाली, उजवीकडे,
काडेपेटीसारखी हाताला लागते.
डॉक्टर केळशीकर म्हणाले होते,
रस्ता तुटलाय, तो मी बांधू शकत नाही.
पण पलीकडचं गाव मेलेलं नाही, पेंगतंय.
त्याला जागं ठेवून बघू.
किती देणार, मी विचारलं.
म्हणाले, चार-पाच मिलिअँपिअर.
मी हसलो.
एकवीस वर्षं अकरा हजारांच्या शेजारी जेवलो मी,
डबा खांबाला टेकवून.

रुग्णालयाचं तळघर. खिडकी नाही.
तबस्सुम मुजावर, सांगलीची, माझ्या थोरलीएवढी,
टॅबवर आकडा चढवते आणि म्हणते,
काका, अंगठा.
काका, अंगठा.
शालन दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते:
मंगळवार, नाही.
बुधवार, नाही.
गुरुवार सुट्टी.
तेवीस तारखेला लिहिलं, हलला.
खाली, बारीक अक्षरात, बहुतेक.

मी वायरमन. बहुतेकवर विश्वास ठेवत नाही.
म्हटलं, मशीन बंद कर.
जीव खाऊन हुकूम सोडला पायाला. काही नाही.
म्हटलं, चालू कर, आता मी सोडत नाही हुकूम.
गाडीच्या हप्त्याचा विचार करत पडलो.
काही नाही.
मग दोन्ही एकदम.
अंगठा वर आला, हळू,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखा, नाराज.

फेज एकटी काही करत नाही,
न्यूट्रल एकटी तर नाहीच.
नववी नापास हेल्परांना शिकवलंय हे मी.
फक्त यातली मी कोण, ते अजून ठरत नाही.

पुढच्या गुरुवारी तबस्सुमनं मुद्दाम बोलावलं.
अकराला दिवे गेले.
देखभालीचा वार, पुण्याला पाठ आहे.
पंखा थांबत थांबत थांबला.
जनरेटर उचलायला इथं पंधरा सेकंद तरी जातात.
वर कुठंतरी खांबावर इंगवले असेल.
बेल्ट लावला असेल का त्यानं.
चढण्याआधी मान वर करून
बघितलं असेल का, पोळं आहे का.

पोटातली बॅटरी चालू होती.
अख्ख्या इमारतीत सप्लाय फक्त मला.
शालन, मी म्हटलं, हात ठेव.
कुठं?
अंगठ्यावर. तुला दिसणार नाही, मला कळणार नाही.
माझे पाय तिकडं लांब,
दुसऱ्याच्या घरी भाड्यानं राहतात.
ठेवलाय, ती म्हणाली.
मी आतून ओरडलो,
वरून खाली हेल्परला ओरडतात तसा:
सोड!

ती काही बोलली नाही.
परत ओरडलो. परत.
मग जनरेटर धडधडला, ट्यूब फडफडली,
आणि उजेडात शालन दिसली,
डोळे घट्ट मिटलेले,
हात तसाच, ओठ हलत.

तीन, ती म्हणाली.
थांबू नका, मोजतेय.