निर्मितीचे वर्ष

लिलावाच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा राहिला,
म्हणून भांडार विभागाने मला वडाळ्याच्या यार्डात धाडलं.
सोबत वायर ब्रश, चिंधी, बाटलीत थोडं रॉकेल,
आणि गनी परकार,
निवृत्त ग्रेडर चालक, बिल्ला क्रमांक एकशे सात,
ज्यांच्या रिक्षाचे पैसे विभागाने मंजूर केले नाहीत.

मशीन मिठागराकडे तोंड करून उभं.
लांब मान, पोटाखाली तिरकं पातं,
पुढची चाकं डावीकडे कललेली,
कुणी रांगेत उभं राहून कंटाळावं
आणि एका पायावर भार टाकावा, तशी.
पाटी गेलेली. रिबिटांची चार भोकं तेवढी शिल्लक.
"पितळ कुठे थांबतं, बाई," गनीचाचा म्हणाले,
"दारूखान्यात त्या दिवशी काय भाव होता ते विचारा."

मी नखाने रंग खरवडला.
पिवळा. खाली नारिंगी.
खाली पुन्हा पिवळा, मोहरीच्या अंगाचा,
आणि तळाशी शेवाळी हिरवा, बहुतेक लष्कराचा.
मला वाटलं, सापडलं.
"रंगावर जाऊ नका. रंग टेंडराबरोबर बदलतो.
तेलाच्या नळ्या दिसतात कुठे?"
नव्हत्या.
"म्हणजे तेलाच्या आधीचं. सगळं सळ्यांवर, दात्यांवर.
पात्याखाली दगड आला
की इकडे दांडा उलटा फिरायचा."
त्यांनी बाही वर केली.
उजव्या मनगटावर सुपारीएवढं हाड, बाहेर आलेलं.
"माहूलचा रस्ता. निकाहला आठ दिवस होते.
नव्या मशीनवाल्यांचे हात बघा, सरळ असतात."

मग छोटं इंजिन दाखवलं, मोठ्याच्या बगलेत.
आधी हे पेट्रोलवर दोरी ओढून चालू करायचं,
मग हे त्या डिझेलवाल्याला उठवणार.
"साहेबाला उठवायला शिपाई."
स्वतःच हसले, मग खोकले.

नंबर मिळाला सांगाड्याच्या उजव्या दांडीवर,
ग्रीसच्या थराखाली, बोटभर उंचीचा.
कागद धरून वर पेन्सिल घासली,
लहानपणी नाण्यावर घासायचो तशी.
तिसरा आकडा आठ की तीन,
मधे गंजाने घास घेतलेला.
इंजिनवरचा नंबर निघाला वेगळ्याच घराण्याचा.
मागचा आस तिसऱ्याच मशीनचा.
"तो कुर्ल्याचा. ते मेलं तेव्हा काढून इथे बसवला.
मीच बसवला."

"मग वर्ष कुठलं लिहू, चाचा?"

ते पात्याच्या कडेवर टेकले.
यार्डात वाऱ्याला मिठाची चव होती,
आणि लोखंडाला ती आमच्यापेक्षा जास्त कळत होती.
"माझ्या सर्व्हिस बुकात एक जून आहे.
शाळेत घालताना मास्तरांनी टाकली.
आई म्हणायची, भात झोडून झालं होतं, पेंढा रचत होतो.
जूनमध्ये कोण भात झोडतं?
पण एकतीस मेला संध्याकाळी पाच वाजता
गेटवर बिल्ला जमा करून घेतला.
एक दिवस जास्त ठेवला नाही."

उठताना त्यांनी एका दांड्याला हात घातला, सवयीने.
आत कुठेतरी दाता सरकला.
पातं हललं नाही,
फक्त चिमूटभर तांबडा भुगा
माझ्या चपलेवर पडला.

मी रकान्यात पेन्सिलीने एक साल लिहिलं,
पुढे "अंदाजे".
ऑफिसात कुणीतरी त्यावर शाई फिरवेल
आणि अंदाजे खोडेल.

परतताना रिक्षा एका खड्ड्यात आदळली,
डबक्याचं पाणी आत उडालं.
चाचांनी वाकून रस्त्याचा उतार पाहिला,
एक डोळा मिटून, बराच वेळ.
"हा माझा नाही," म्हणाले,
आणि मागे टेकून बसले.