वेळ लागेल

मालिकेचं नाव सांगत नाही.
तेरा भाग होते, गुरुवारचे, रात्री साडेआठचे,
आणि तुम्ही तेव्हा बहुधा जेवत होता.
त्यात एक घड्याळजी होता. त्याच्या दारावर पाटी:
‘घड्याळे दुरूस्त होतील. वेळ लागेल.’
‘दुरुस्त’मधला रु दीर्घ. चुकून, की रंगाऱ्याच्या हौसेनं, कोण जाणे.

ती पाटी मला हवी झाली
वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, डिचोलीच्या बाजारात,
हातात बांगड्यांची पिशवी, मासळीचं पाणी पायावर गळतंय,
आणि दाढ ठणकावी तशी ती पाटी.

रामनाथ च्यारीनं फणसाची फळी काढून दिली,
कुणाच्या तरी उतरवलेल्या दाराची.
कडीचं भोक तसंच होतं. बुजवू नको म्हटलं,
दुरून ते खिळ्यासारखं दिसतं.

माप कसं घ्यायचं?
पुतण्यानं जुनी कॅसेट कुठून तरी पैदा करून
फोनवर आणून दिली. चित्र थांबवलं.
घड्याळजी पाटीखाली, तोंड अर्धवट उघडं,
शेजारच्या फडताळात सोड्याची बाटली, गोटीची.
पाटी सव्वादोन बाटल्या रुंद, पाऊण बाटली उंच.
म्हापशाला शुक्रवारी तशी बाटली मिळाली
आणि मी तिला फूटपट्टी लावून बसलो.
बायकोनं चहा ठेवला, काही विचारलं नाही.
हे तिचं एक चांगलं आहे.

अक्षरांसाठी कायतान.
खाणी चालू होत्या तेव्हा अर्ध्या तालुक्याच्या ट्रकांवर
त्याचे मोर, त्याची कमळं.
मग ट्रक अंगणात उभ्या उभ्या गंजले,
ब्रश मात्र त्यानं घासलेटात बुडवून मऊ ठेवले.
“हात आयकना रे,” म्हणाला.
तीनदा त्यानं रु ऱ्हस्व काढला,
तीनदा टर्पेंटाइननं पुसला.
चौथ्यांदा डोळे मिटून चुकला.

राहिला रंग.
थांबवलेल्या चित्रात पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. स्पष्ट.
मला ती करडी आठवते,
आमचा टीव्ही काळा-पांढरा होता.
पेडण्याला बहिणीला फोन केला.
“निळी,” नंदा म्हणाली. “विचारतोस काय?”
अर्धा तास भांडलो.
बाबांच्या जमिनीवरून एवढे भांडलो नव्हतो.

रात्री अडीचला उठून बसलो:
काच!
बाबांनी पणजीहून आणलेली ती प्लॅस्टिकची काच,
वर निळी, मध्ये नारिंगी, खाली हिरवी,
पडद्यावर रबरानं ताणलेली,
आणि आम्ही शेजाऱ्यांना सांगायचो, रंगीत घेतलाय.
बातम्या देणारी बाई कपाळापर्यंत निळी,
सगळ्या जगाचे पाय गवतात.
पाटी दाराच्या वर. म्हणजे पडद्यातही वर.
निळी.

कायतानला सांगितलं, निळी रंगव.
पण खालच्या कडेला, काचेतला निळा जिथे संपायचा,
तिथे ओल्यात ओला थोडा नारिंगी जाऊ दे.
त्यानं ब्रश खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.
असं कुठल्या ट्रकवाल्यानंही मागितलं नव्हतं.

चतुर्थीला नंदा आली,
चपला काढता काढता वर बघत राहिली.
“बघ,” म्हणाली,
आणि आत गेली माटोळी बघायला.

काल बोर्ड्याहून एक म्हातारा आला.
पाटी वाचली, सावकाश, ओठ हलवत,
आणि मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.
अहो, म्हटलं, ही खोटी आहे, टीव्हीतली.
“जाय तितलो वेळ घे,” म्हणाला
आणि उतरणीला लागला.

घड्याळ टेबलावर आहे, गोटीच्या बाटलीशेजारी. चार वाजून दहा.
मागचं झाकण कशानं उघडतात
ते बघतोय.