शेऱ्याचा रकाना

शाळेच्या ओट्याचा कोपरा शंभर धरला.
शंभर पूर्णांक शून्य शून्य शून्य.
कुठूनतरी सुरुवात करावी लागते,
म्हणून एक दगड हलत नाही असं आपण ठरवतो
आणि त्याच्यावर लाल ऑइलपेंटचा बाण काढतो.
हेडमास्तर म्हणाले, पोरं पुसतील.
म्हटलं, पुसू द्या, वहीत आहे.

तिवई रोवली. बुडबुडा मधोमध आणला.
सुकरू कुमरे स्टाफ घेऊन पांदणीनं पुढं गेला;
पऱ्हाटीच्या वरून नुसता स्टाफच चालताना दिसत होता.
मी ओरडायची, झुलवा!
तो स्टाफ माझ्याकडं कलता करायचा, मग मागं न्यायचा,
आकडे उतरत, थांबत, पुन्हा चढत.
त्यातला सगळ्यात लहान तेवढा लिहायचा.
काठी कलली की आकडा फुगतो,
सरळ उभी असली की कमीत कमी बोलते.
कॉलेजात हे एका ओळीचं होतं.
इथं दुपारभर तेच.

नाल्याकाठी पहिलं घर अंजिराबाई खडतकरांचं.
मोठा पूर कुठवर आला होता, विचारलं.
पूररेषा कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही,
ती विचारावी लागते.
बाईनं भिंतीला तळवा लावला.
"अथीलोक."
मग थांबून हात चार बोटं वर सरकवला.
"नाही. सुनेची खाट भिजली होती, बाळंतीन होती थे.
खाटीखाली इटा लावल्या होत्या. मंग अथीलोक."
सुकरूनं स्टाफचा पाय तिच्या तळव्याच्या काठाला आणून धरला.
मी वाचून होईस्तोवर तिनं हात काढला नाही.
मग तिथं लाल रेघ मारली.

फिरून शाळेच्या ओट्याशी आलो,
तर शंभर शंभर राहिला नव्हता.
शंभर पूर्णांक शून्य तीन आठ.
दुपारभरात ओटा अडतीस मिलिमीटर वाढला,
नाहीतर वाटेत कुठेतरी आम्ही खोटं बोललो.
रात्री बेरजा तपासल्या, दोनदा.
बेरजा बरोबर होत्या.

सकाळी सुकरू स्वतःच्या पायाकडं बघत म्हणाला,
"मॅडम, तुमी मशीन उचलून म्होरं नेता,
तवालोक मी तथीच उभा रायतो.
वावर वलं हाय. काठी दबते.
मी पायलं, पन बोललो नाही.
वाटलं, येवढ्याशानं काय होते."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं,
की मी पुढं जाऊन पुन्हा मागं वळून पाहीपर्यंत
सगळी मोजणी त्याच्या उभं राहण्यावर टेकलेली असते,
आणि काळी माती उभ्या माणसाला
आवाज न करता खाली घेत असते.

त्या दिवशी त्यानं घरून वखराची जुनी पास आणली.
दर बदलबिंदूला ती टाचेनं मातीत दाबायची,
तिच्यावर स्टाफ, आणि मग देवासारखं निश्चल.
घोळ उरला तीन मिलिमीटर. तेवढा चालतो.

अंजिराबाईचा हात निघाला अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन एक शून्य.
मंजूर नकाशात पुलाचा माथा सत्त्याण्णव पूर्णांक आठ पाच शून्य.
सेहेचाळीस सेंटिमीटर.
तिसरीतल्या पोराच्या गुडघ्याच्या वर.

साहेब म्हणाले, आधार काय?
म्हटलं, बाईचा हात.
ते हसले, वाईट नाही हसले.
म्हणाले, स्थानिक चौकशीवरून असं लिही शेऱ्यात.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो.
मी बारीक अक्षरात लिहिलं: तळवा, नंतर चार बोटं वर.
सुधारित अंदाजपत्रक यवतमाळला गेलं.
तिथंच आहे.

दिवाळीच्या आधी त्या गावावरून गेले.
ओट्यावरचा बाण पोरांनी खरंच पुसला होता.
अंजिराबाई भिंत पोतारत होती, पांढऱ्या मातीनं,
लाल रेघेपाशी आली की हात वळसा घेत होता.
मला पाहून थांबली,
कोपरापर्यंत पांढरी.
"काहो मॅडम,
अजून किती दिवाळ्या सोडून पोतारू?"