तेवीस, बत्तीस

सीबच्या विमानतळावर, मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल. हेडफोन, पायाने थांबवायचं यंत्र,
आणि ड्रॉवरमध्ये शेंगदाण्यांचा डबा, जो नियमात बसत नाही.
आकाशात जे बोललं गेलं ते कागदावर उतरवायचं,
एवढंच काम. मी विमानं पाहत नाही.
ऐकतो, तीन आठवड्यांनी, शिळी.

ही टेप रात्रीच्या दोन अकराची.
मालवाहू विमान, पोटात अठरा टन सुरमई,
बर्फात, देवगडच्या माणसाला रडू यावं अशी.
रडारच्या खोलीत याकूब अल-खरूसी.
"थ्री टू झीरो," तो म्हणतो.
म्हणजे समुद्राकडे.
"टू थ्री झीरो," कप्तान परत म्हणतो.
म्हणजे डोंगराकडे.
याकूब म्हणतो, "बरोबर."

ती जागा मी एकोणीस वेळा ऐकली.
आवाजात झोप नाही. घाई नाही.
मागे कुणाच्या तरी पेल्यात चमचा फिरतो, इतकंच.
परत म्हणायला लावायचं ते याचसाठी ना,
की ऐकणाऱ्याने ऐकावं?
पण याकूबला त्याचंच वाक्य परत आलं,
विहिरीवर ओणवून हाक मारणाऱ्या पोराला येतं
तसं, ओलं होऊन, आपलंच.

अरबीत तेवीस म्हणजे तीन आणि वीस.
आपल्याकडेही तेच, ते आधी, वीस मागून.
कप्तान ल्युब्लियानाचा. मुद्दाम विचारून घेतलं,
त्याच्या आईनेही त्याला असंच मोजायला शिकवलं.
मला आठवतात लांज्याच्या शाळेतल्या केतकरबाई,
तेवीस म्हणाल्या की मी बत्तीस लिहायचो,
आणि पट्टी बसायची ती नेमकी मोजून. किती, ते विसरलो.
सगळे घरून उलटे निघालेले,
इंग्रजीत सुलटे उभे राहतो.
दिवसभर राहतो.
दोन अकराला कधी कधी पाय सुटतो.

मग टेपवर एक्केचाळीस सेकंद काही नाही.
दुसरं एक विमान हवा विचारतं. कुणी सलाम करतं.
डोंगर रेडिओवर बोलत नाही.
मग कॉकपिटच्या टेपवर ती यंत्रातली बाई,
जिला कुणी परत म्हणून दाखवावं लागत नाही:
वर घे. वर घे.
त्याने घेतलं.
कोणी मेलं नाही. सुरमई सकाळी पोचली.
म्हणून तर ही टेप माझ्याकडे आली, मोठ्या साहेबांकडे नाही.

त्याच रात्री हेमलताचा फोन.
"दादा, अण्णांचं ऑपरेशन बुधवारी धरलंय. येतोस ना?"
मी म्हणालो, "बघतो."
तिकडे रिसीव्हरवर हात ठेवून तिने कुणाला तरी सांगितलं,
"येतोय."
हात नीट बसला नव्हता.
मला ऐकू आलं, स्वच्छ, खरखरीशिवाय.
मी काही बोललो नाही.
पुढे तिने पावसाचं विचारलं, इथे पडतो का,
आणि मी पावसाचं सांगत बसलो.

सोमवारी याकूब स्वतः आला.
दिशदाशा कडक इस्त्रीची, डोळे नाहीत.
खजुराची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला,
मला एकदा ऐकू दे.
मी हेडफोन दिले. जागा लावून दिली.
त्याने डोळे मिटले, बोटांनी टेबलावर आकडे टिपले,
आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.
"बघ," तो म्हणाला, "थ्री टूच म्हणतोय तो.
तुम्ही लोक उगाच."

माझ्यासमोर कागद होता, टाइप केलेला.
उशीर झाला होता, किंवा झाला नव्हता.
मी म्हणालो, "हं,"
आणि पायाने टेप पुन्हा मागे घेतली.