मिठाचा आकडा

नगरपालिकेच्या पांढऱ्या गाडीत माझ्याबरोबर असतं
रक्तदाबाचं यंत्र, सही-शिक्क्याचे कागद,
बुटांना बांधायच्या काटेरी साखळ्या
आणि पेनाएवढा एक मीठमापक.
टोक सूपमध्ये बुडवायचं, आकडा बघायचा.
शून्य पूर्णांक आठच्या वर गेला
की हसत हसत रागवायचं,
असं आम्हा आरोग्यसेविकांना शिकवलं आहे.

दरीतल्या शेवटच्या घरात हाताकेयामा तोमे.
वय एक्क्याण्णव. तोमे म्हणजे ‘थांब’.
लागोपाठ चौथी मुलगी झाली तेव्हा
बापाने देवाला दिलेली ताकीद.
देवाने काही ऐकलं नाही, पाचवी पण झालीच,
असं सांगून तोमेबाई बोळक्या तोंडाने
इतक्या हसतात की रक्तदाब
पुन्हा घ्यावा लागतो.

सात हिवाळे मी त्यांच्याकडे जाते आहे.
आकडा दर वेळी बरोब्बर तोच.
शून्य पूर्णांक आठ.
आकिताच्या डोंगरात, जिथे लोक
लोणच्यावरही सोया सॉस ओततात!

एकदा हातमोजा विसरला म्हणून मागे वळले
तर बाई पातेल्यात मिसो घालत होत्या,
चमच्यावर चमचा, मान खाली घालून,
मघाशी माझ्यासाठी ओतलेल्या गरम पाण्याची भरपाई.
मी तशीच परत फिरले. हातमोजा राहू दिला.
अहवालात लिहिलं: सुधारणा टिकून आहे.
याला खोटं म्हणायचं तर म्हणा.

शरदात त्या चुलीवर मुळे टांगतात, धुरात,
मग पिंपात मीठ, कोंडा, वर दगड.
दगड सासूचा. वजनाला आणि स्वभावाला
तिच्यासारखाच, म्हणतात.
चहाबरोबर मला दोन चकत्या मिळतात.
मापक तेव्हा पिशवीतच राहतो.
खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.

या फेब्रुवारीत बर्फ खिडकीच्या वर गेला होता.
छप्पर झाडणारी पोरं येऊन गेलेली,
दाराच्या खिळ्याला पिवळं फडकं,
म्हणजे आज उठले, ठीक आहे.
(योजना आमच्याच खात्याची. फडक्याला
दुसरं काही सांगता येत नाही.)

वाटीत टोक बुडवलं.
शून्य पूर्णांक एक.
पुसून पुन्हा बुडवलं.
“जमलं ना या वेळी?” बाईंनी विचारलं,
निकालाच्या दिवशी विचारतात तसं.

मी घोट घेतला.
गरम पाणी. टोफूचे दोन तुकडे. कांद्याची पात,
न चिरलेली, अख्खी.
मिसोच्या डब्याचं झाकण धुळीने चिकटलेलं.
पिंप कोरडं. सासूचा दगड
भिंतीशी टेकून, रिकामटेकडा.

मीठ जास्त झालं तर काय करावं
याचं पत्रक आहे आमच्याकडे, तीन रंगांत छापलेलं.
अळणीचं नाही.

मग फोन. जेवणाची गाडी, आठवड्यातून तीनदा.
स्मरणशक्तीची तपासणी, पुढची तारीख एप्रिलमधली.
सैतामातला मुलगा म्हणाला, शनिवारी बघतो,
आणि थोड्या वेळाने, आईला सांगू नका मी दमलोय असं.
सगळं लिहून घेतलं. सुवाच्य.

बाहेर खांबावरच्या भोंग्याने पाचची धून वाजवली.
मी झाकण सोडवलं. मिसो अजून चांगला होता,
तीन वर्षांचा, काळपट लाल, त्यांनीच मुरवलेला.
एक चमचा घातला. थांबले. दुसरा घातला.

बाईंनी वाटी दोन्ही हातांत धरली,
वास घेतला, बराच वेळ.
मग दाराकडे बघत, आवाज खाली आणून मला म्हणाल्या,
“पटकन पिऊन टाक गं,
ती नगरपालिकेची बाई येईल.”

मीही दाराकडे पाहिलं
आणि घाईघाईने प्याले.