गुरुवारचे शब्द

गंजवे चौकाच्या अलीकडे, जिन्याखाली,
साडेसहा बाय आठात
एक झेरॉक्स मशीन, एक स्टूल आणि मी.
पाटीवर : एक बाजू एक रुपया, पाठपोट दीड.
उधारीबद्दल पाटी गप्प,
रंगवणारा अक्षरामागे पैसे घेत होता.

गुरुवारी वीज जाते. दुरुस्तीचा वार.
दहाला पंखा थांबतो,
मशीन हळूहळू गार होतं,
आणि वरच्या अभ्यासिकेतून निवृत्ती ढेंबरे खाली येतो,
मुक्काम पोस्ट मालेगाव जहांगीर, जिल्हा वाशीम.
वरती अंधार. माझ्या शटरपाशी उजेड.

त्याची उधारी तीनशे बारा.
म्हणाला, मावशी, दर गुरुवारी चार शब्द शिकवतो,
तेवढं व्याज समजा.
मी दहावी. इंग्रजीत पस्तीस, तेही ढकलून.
पण रोज हजारभर पानं इंग्रजी
माझ्या हातून जातं, गरम गरम,
वाढणारीनं वाढत राहावं आणि चव माहीत नसावी, तसं.
म्हटलं, शिकव.

डेफिसिट. म्हणजे तूट.
पुस्तकात मराठी दिलं होतं राजकोषीय तूट,
ते मला इंग्रजीहून जड गेलं.

बॉण्ड मला येत होता.
शंभर जीएसएम, प्रतिज्ञापत्राला लागतो, पानाला तीन रुपये.
तो हसला. हा वेगळा, मावशी,
यात सरकार कागद देतं आणि पैसे घेतं.
मग वेगळा कसा?
मी सकाळपासून दुसरं काय करते?

मॅच्युरिटी म्हणजे तो कागद वयात येतो,
त्या दिवशी मुद्दल परत.
आणि नसेल तर?
तर रोलओव्हर. जुनं फेडायला नवं काढायचं.
याची टोपी त्याला.
एवढ्यासाठी इंग्रजी?
त्यानं वहीत टिंब दिलं आणि पुढचा शब्द काढला.

हेअरकट ऐकून मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं.
दोन महिने कात्री लागली नव्हती.
म्हणाला, देणाऱ्यानं थोडं सोडायचं,
शंभराचे साठ घ्यायचे आणि बोभाटा करायचा नाही.
मग बुटाकडे बघत :
तीनशे बाराचे दोनशे चालतील?
मी म्हटलं, आधी समोरच्या प्रल्हादकडून खरा करून ये.
पुढच्या गुरुवारी आला, कान दिसत होते.
हिशेब तसाच.

सॉव्हरिन. सबसिडी. ऑस्टेरिटी,
जिला तो काटकसर म्हणाला
आणि डब्यातली एक पोळी संध्याकाळसाठी ठेवली.

जूनमध्ये निकाल.
यादीच्या वीस प्रती मीच काढल्या,
प्रत्येक प्रतीत त्याचं नाव नव्हतं.
एकविसावी काढून पाहिली. टोनर वाया.
तो दुपारीच कॉट सोडून गेला होता,
हे मला रात्री मेसवाल्या कांताबाईंनी सांगितलं.
त्यांचे अठराशे होते. त्या मोठ्यानं बोलल्या.
मी आकडा सांगितला नाही.

डिफॉल्ट त्यानं शिकवला नव्हता.
तो मला नव्या बॅचच्या नोट्समध्ये भेटला, पान एकेचाळीस.
झाकण उघडं, हिरवा उजेड सरकतोय,
आणि मी ओळीखाली बोट ठेवून
अडखळत, पण पूर्णविरामापर्यंत गेले.
पुढे तीन पोरं रांगेत.
एक म्हणाला, मावशी, अडकलंय का मशीन?
म्हटलं, नाही रे.

वहीत ढेंबरेच्या नावापुढे ते लिहायला घेतलं.
डी काढला. मग खोडला.
पानावर अजून तेवढंच आहे :
तीनशे बारा, आणि शेजारी एक खाडाखोड.

आज गुरुवार. वीज दोनला आली.
मशीननं आळस दिला,
काचेवर रोजचीच दोन अक्षरं पेटली,
जी विझेपर्यंत मी सहा वर्षं पदर झाडत उभी असायची.
आज वाचली.
वॉर्मिंग अप.
बिचारं इतकी वर्षं मला
नुसतं थांब म्हणत होतं.