चांगली साथ दिली

पेपरात चार ओळी यायच्या आपल्या,
छोट्या जाहिरातींच्या वर.
चढाईत कोण चमकला, पकडीत कोण,
आणि शेवटी:
मणचेकर याने चांगली साथ दिली.
अकरा वर्षं, दिगू,
तू त्या तीन शब्दांत राहिलास
पागडीच्या खोलीत राहावं तसा.

नायगावची माती. रात्री दहाचा सामना.
दोन हॅलोजन, त्यातला एक आजारी.
माझा उजवा हात तुझ्या डाव्यात,
तुझा तळवा दोरखंडांनी सोललेला.
(गोदीने नोकरी खेळावर दिली,
काम मात्र दोरखंडाचंच दिलं.)
एकदा बोटं दाबलीस: थांब.
दोनदा: आता.
याच्यापलीकडे आपण काही बोललो असू
तर मला आठवत नाही.
बोलायचा तो समोरचा, घोकत घोकत.
दम त्याचा, आवाज त्याचा, शिट्ट्याही त्यालाच.
आपण सातजण मुके.

तू दाबलंस की मी हात सोडून घोटा धरायचो.
तू वरून भिंतीसारखा कोसळायचास.
धुरळा बसल्यावर वर यायचा माझा चेहरा,
तुझे गुडघे खालीच.
प्रभादेवीला उत्कृष्ट पकडीचा मिक्सर मिळाला मला.
आईने बारा वर्षं त्यात चटणी वाटली.
तुला नारळ मिळाला,
आणि पुढच्या मोसमात गुडघ्यात तार.

आता तू टीव्हीवर.
निळा कोट, त्यात न मावणारी मान.
पहिल्या सामन्याला कानातला माणूस ओरडला म्हणे,
"बोला साहेब, बोला!"
चढाईपटू रेषा ओलांडून आत आला
आणि तू श्वास रोखलास. सवयीने.
पुरते तीस सेकंद.
आमच्या मजल्यावर शिर्केकाकांनी
सेटटॉप बॉक्सला दोन चापट्या मारल्या.

मग शिकलास.
वहिनी सांगत होत्या, जुने सामने लावतो,
आवाज बंद करून, भाजी निवडणाऱ्या माझ्यापुढे बडबडतो,
झोपेतसुद्धा बोनस देतो.
बाजूचे दोघं चढाईपटूचे केस, कमाई, किंमत सांगत असतात.
तू म्हणतोस, "त्याला सोडा हो.
डावीकडून दुसरा बघा.
तो जागचा हलला नाही,
म्हणून ही पकड झाली."
आणि त्या पोराचं नाव घेतोस,
आडनावासकट, गावासकट,
कुठे कुणाच्या हाताखाली मातीत लोळला त्यासकट.
त्या गावात कुणीतरी ताट बाजूला सारत असेल.

खोटं कशाला बोलू,
आठ रात्री बसलोय मी, माझं नाव येईल म्हणून.
नाही आलं.
बरोबरच आहे. माझं छापून झालंय.

काल शेवटची चढाई, एका गुणाचा फरक.
तो आत आला. कोपऱ्याकडे सरकला.
आणि तू वाक्य अर्ध्यात टाकलंस.
कानातला माणूस पुन्हा ओरडला असेल.
शिर्केकाकांच्या घरातून चापटी ऐकू आली.
पडद्यावर तू दिसत नव्हतास,
तरी तुझा डावा हात टेबलाखाली
काय करत असेल ते मला दिसलं.

"बाबा," उजवीकडे बसलेली लेक म्हणाली,
"हात सोडा, दुखतोय.
आणि हे दोनदा काय दाबताय?"